लोकरीची ऊब : कांहीं चालू विणकामें व त्यांचें शास्त्र



लोकर गरम असते, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पण हें विधान अक्षरशः खरें आहे काय? बर्फाचे दोन सारखे तुकडे घ्यावे. एक ताटलींत उघडा ठेवावा आणि दुसरा लोकरीच्या शालींत नीट गुंडाळून ठेवावा. कोणता आधीं विरघळेल? वर्गांत हा प्रश्न विचारला म्हणजे बहुतेक मुलें शालींतल्या तुकड्याचें नांव घेतात, कारण शाल गरम असते ही त्यांची समजूत. प्रयोग करून पाहिला तर नेमकें उलट घडतें. उघडा तुकडा पाणी होऊन जातो आणि शालींतला पुष्कळ वेळ टिकतो. शालीच्या अंगीं स्वतःची उष्णता मुळींच नसते. उष्णतेला इकडून तिकडे जाऊं न देणें एवढेंच तिचें काम. बर्फाला गुंडाळली तर ती बाहेरची उष्णता आंत येऊं देत नाहीं. आपण पांघरली तर आपल्या अंगची बाहेर जाऊं देत नाहीं.

ही अडवणूक तरी कोण करतें? पाहूं गेल्यास लोकरीच्या तंतूंपेक्षां त्यांच्यामध्यें कोंडलेली हवाच तें काम अधिक करते. स्थिर हवा ही उष्णतेची मोठी मंद वाहक आहे. मेंढीच्या लोकरीचा तंतु सरळ नसून नागमोडी असतो. म्हणून तंतु एकमेकांना चिकटून बसत नाहींत आणि त्यांच्यामध्यें हवेचे असंख्य लहान कप्पे राहतात. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटांत घेते, तरी हाताला ओली लागत नाहीं. दंवांत फिरून आलेल्या माणसाला सुती सदरा गार लागतो व लोकरीची बंडी लागत नाहीं, त्याचें एक कारण हें.

एवढी प्रस्तावना करण्याचें कारण असें कीं, आज मला माझ्या सुयांवर चालू असलेल्या विणकामांविषयीं बोलावयाचें आहे, आणि त्या प्रत्येकाच्या मुळाशीं हेंच तत्त्व आहे. मी राहतों अंबाडीस. भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हें गांव आहे. येथूनच वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे फांटा फुटतो. शाळामास्तरकींतून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळचे दोन तास मी विणकामास देतों. पुरुषानें सुया हातीं घ्याव्या याचें कित्येकांना हंसूं येतें. त्यांना इतकेंच सांगावेंसें वाटतें कीं, जुन्या युरोपांत मोजे-टोप्या विणणाऱ्यांचे जे संघ होते ते पुरुष कारागिरांचे असत, आणि आपल्याकडे लोकर कातणारे धनगरहि कांहीं घरांत बसून राहणारे नव्हेत.

कोणी विचारील, कोंकणपट्टींतल्या गांवाला लोकरीचें काय काम? मुंबईकरांना थंडी म्हणजे काय तें फारसें कळत नाहीं याचें कारण समुद्र. पाणी सावकाश तापतें आणि सावकाशच निवतें, म्हणून किनाऱ्यावरची रात्र एकदम गार होत नाहीं. किनारा सोडून जसजसें आंत जावें तसतसें हें संरक्षण कमी होतें. डिसेंबर-जानेवारींत आभाळ निरभ्र असतें, हवा कोरडी असते. दिवसा तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, आणि पहाटे तानसा नदीच्या कांठीं धुकें उतरतें. नाशिक जिल्ह्यांतल्या निफाडाप्रमाणें येथें पारा १० अंशांच्या खालीं जात नसेल. परंतु ज्याला भिंत आहे त्याची थंडी निराळी आणि ज्याला भिंत नाहीं त्याची निराळी. पावसाळा सरला म्हणजे भिवंडी तालुक्यांत वीटभट्ट्या सुरू होतात. कातकरी व इतर मजुरांचीं कुटुंबें पोराबाळांसह भट्टीवर येऊन खोपटीं करून राहतात. त्यांत तान्हीं मुलें असतात. तसेच भिवंडीच्या वाटेवर जागोजाग झालेल्या गोदामांचे पहारेकरी रात्रभर उघड्यावर बसतात. माझ्या सुयांवरचीं कामें मुख्यतः या दोघांसाठीं आहेत.

कामांकडे वळण्यापूर्वीं शब्दाचा एक घोटाळा सोडवूं. मराठींत आपण माग चालवण्यालाहि विणणें म्हणतों आणि सुयांवर मोजा करण्यालाहि विणणेंच म्हणतों. भिवंडी हें यंत्रमागांचें शहर. तेथल्या मागावर जें विणलें जातें त्यांत उभ्या धाग्यांचा ताणा असतो आणि त्यांतून आडवा बाणा जातो. दोन्ही धागे सरळ व ताठ असतात, म्हणून कापड मजबूत होतें पण ताणलें जात नाहीं. सुयांवरच्या विणकामांत ताणाहि नाहीं आणि बाणाहि नाहीं. एकच धागा, त्याचा एक फांसा, त्या फांशांतून ओढून काढलेला दुसरा फांसा, असें तें चालतें. फांसा ओढला तर लांबतो, सोडला तर पूर्वस्थितीवर येतो. म्हणूनच मागावरच्या कापडाचा सदरा चांगला होतो, पण टांचेवर नीट बसणारा मोजा किंवा डोक्याला धरून राहणारी टोपी करावयाची तर सुयांचेंच विणकाम लागतें.

या कलेचा इतिहासहि मौजेचा आहे. अशा विणकामाचे जे अतिशय जुने नमुने आज उपलब्ध आहेत, त्यांत इजिप्तमध्यें सांपडलेले निळ्यापांढऱ्या सुताचे मोजे आहेत. ते अकराव्या ते चौदाव्या शतकांतले मानले जातात. थंडीचें मानलें गेलेलें हें काम अशा रीतीनें उष्ण देशांत व सुताच्या धाग्यानें झालेलें दिसतें. पुढें १५८९ मध्यें इंग्लंडांतील विल्यम ली यानें मोजे विणण्याचें यंत्र केलें, आणि आज आपल्या देशांत लुधियाना शहर यंत्रावरच्या लोकरी कपड्यांसाठीं प्रसिद्ध आहे. हातानें विणण्याला लागणारी सामग्री मात्र आजहि तीच आहे : दोन सुया, एक धागा, आणि सुलट व उलट हे दोन टाके.

आतां पहिलें काम : तान्ह्या मुलाचें टोपडें. माझ्या सुयांवर सध्यां जें सर्वांत लहान आहे तेंच सर्वांत महत्त्वाचें आहे. शरीराची निम्मी उष्णता डोक्यांतून निघून जाते, असें पुष्कळजण सांगतात. मोठ्या माणसाच्या बाबतींत तें खरें नाहीं. त्याचें डोकें शरीराच्या पृष्ठभागाच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतकें असतें आणि उष्णताहि साधारण त्याच मानानें जाते. पण नवजात मुलाचें डोकें त्याच्या देहाच्या मानानें मोठें, जवळजवळ पांचव्या हिश्शाइतकें असतें. शिवाय त्याच्या अंगावर चरबी थोडी, आणि कुडकुडून उष्णता निर्माण करण्याची शक्ति त्याला अजून आलेली नसते. नवजात मुलाच्या अंगाचें उष्णतामान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस असावें. तें त्याखालीं गेलें म्हणजे मूल मलूल होतें, दूध ओढीनासें होतें, आणि दूध न मिळाल्यानें आणखी गार पडतें. अडीच किलोहून कमी वजनाच्या मुलाला हा धोका विशेष असतो.

टोपडें हा या धोक्यावरचा संपूर्ण उपाय नव्हे, हें मी स्पष्ट सांगतों. पहिला उपाय म्हणजे आईचें अंग. दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशांत बोगोटा येथें १९७८-७९ च्या सुमारास एडगर रे व हेक्टर मार्तिनेझ या डॉक्टरांनीं कमी वजनाचीं मुलें आईच्या उघड्या छातीशीं धरून ठेवण्याची पद्धति सुरू केली. तिला कांगारू पद्धति म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ मध्यें अशी शिफारस केली कीं, कमी दिवसांच्या वा कमी वजनाच्या मुलाला ही ऊब जन्मानंतर शक्य तितक्या लवकर द्यावी. या पद्धतींत मुलाच्या अंगावर एक लंगोट, पायांत मोजे आणि डोक्यावर टोपडें एवढेंच असतें; बाकीचें काम आईची त्वचा करते. दुसरा उपाय, मूल जन्मतांच तें कोरडें पुसावें आणि त्याला लागलीच आंघोळ घालूं नये. निदान २४ तास थांबावें. आमच्या घरोघरीं जन्मतांच न्हाऊं घालण्याची जी चाल होती, ती सोडणें इष्ट होय.

टोपडें बेताचें व्हावें यासाठीं थोडें गणित करावें लागतें. प्रथम त्याच धाग्याचा व त्याच सुयांचा एक लहान चौकोन विणून पाहावा आणि १० सेंटिमीटरांत किती टाके बसतात तें मोजावें. माझ्या हातानें २२ बसतात. पूर्ण दिवसांच्या मुलाच्या डोक्याचा घेर सुमारें ३५ सेंटिमीटर असतो. टोपडें घसरूं नये म्हणून त्याहून थोडें लहान, ३३ सेंटिमीटर, धरावें. दर सेंटिमीटरास २.२ टाके, म्हणून ३३ गुणिलें २.२ म्हणजे ७२.६. यांतले ७२ घ्यावे, कारण ७२ ला चारानेंहि भाग जातो आणि आठानेंहि. चारानें भाग जाणें हें कडेच्या दोन सुलट-दोन उलट पट्टीसाठीं. आठानें जाणें हें माथ्यासाठीं. पट्टीनंतर सुमारें १० सेंटिमीटर सरळ विणावें. मग टाक्यांचे आठ भाग करून प्रत्येक भागाचे शेवटचे दोन टाके एकत्र विणावे. ७२ चे ६४ होतात. एक ओळ साधी विणून पुन्हां तसेंच करावें, ५६ होतात. असें आठ वेळां केलें म्हणजे आठच टाके उरतात. त्यांतून धागा ओंवून घट्ट ओढला कीं माथा बंद झाला. कमी वजनाच्या मुलासाठीं २९ सेंटिमीटर धरून ६४ टाके घालावे व माथ्याला सात वेळां कमी करावे. अशा टोपड्याला २०-२५ ग्रॅम धागा पुरतो.

तीन गोष्टींचें पथ्य मात्र पाळावें. टोपड्याला लांब बंद लावूं नयेत, कारण ते गळ्याभोंवतीं आवळण्याची भीति असते. रंगीत नक्षीसाठीं आंतून सोडलेले आडवे धागे नकोत. हातमोजे-पायमोजे विणल्यास तेहि दर वेळीं उलटे करून आंत सुटा धागा नाहीं ना हें पाहावें. तान्ह्याच्या बोटाला धागा गुंडाळला गेला तर बोटाचें रक्त बंद होतें आणि मूल कां रडतें तें कोणास कळत नाहीं. आणि तिसरें, धडधाकट मूल बंद व उबदार खोलींत पाळण्यांत निजलें असेल तर टोपडें काढून ठेवावें. अति ऊब हीदेखील अपायकारकच होय.

दुसरें काम पहारेकऱ्याची माकडटोपी. हिचा वंश मोठा लढाऊ आहे. १८५३ ते १८५६ या काळांत क्रिमियाचें युद्ध झालें. त्यांत १८५४ सालीं बालाक्लावा या गांवीं लढाई झाली. तेथल्या थंडीशीं निगडित झालेल्या या टोपीला इंग्रजींत त्या गांवाचेंच नांव मिळालें. कार्डिगन व रॅग्लन हीं कपड्यांचीं नांवेंहि त्याच युद्धांतल्या सरदारांचीं. आपल्या लोकांनीं मात्र परकी गांवाचें नांव सोडून टोपी घातल्यावर माणूस कसा दिसतो हें पाहिलें आणि तिला माकडटोपी म्हटलें! मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर सुमारें ५६ सेंटिमीटर. दोन सुलट-दोन उलट ही वीण चांगली ताणली जाते, म्हणून ४८ सेंटिमीटर धरावा. जाड धाग्याचे १० सेंटिमीटरांत २० टाके बसले तर एकंदर ९६ टाके झाले. गळ्यापासून आरंभ करून हनुवटीपर्यंत गोल विणावें, समोरचे २४ टाके वेगळ्या दोऱ्यावर ठेवून बाकीचे पुढेंमागें विणावे, कपाळाशीं पुन्हां २४ टाके घालून गोल सुरू करावें, आणि शेवटीं चेहऱ्याच्या कडेनें टाके उचलून बोटभर पट्टी विणावी. पहारेकऱ्याचे कान झांकले जावे, पण त्याला ऐकूं येणें बंद होऊं नये. म्हणून कानाशीं वीण फार घट्ट ठेवूं नये.

तिसरें काम पायमोजे. नवशिके यालाच भितात, कारण मोज्याला कोपर असतें. नळी सरळ विणत गेलें तर ती सरळच राहील. पाऊल मात्र काटकोनांत वळतें. यावरची युक्ति अशी : तीन सुयांवर टाके घेऊन चौथीनें गोल विणत यावें, आणि टांचेशीं आल्यावर निम्म्याच टाक्यांवर पुढेंमागें विणून एक चौकोनी पट्टा करावा. मग त्या पट्ट्याच्या मधल्या टाक्यांवर अपुऱ्या ओळी विणाव्या, म्हणजे ओळ शेवटपर्यंत न नेतां मध्येंच परतावें आणि दर खेपेस शेजारचा एक टाका सामील करून घ्यावा. मध्यभागीं ओळी अधिक व कडेला कमी झाल्यामुळें वीण आपोआप वाटीसारखी वळते. शिवण न घालतां विणीला दिलेला हा आकार पाहून भूमितीच्या शिक्षकालाहि समाधान वाटावें. बोटांकडचें टोंक शिवणीनें बंद केलें तर तें चालतांना टोंचतें. म्हणून सुईदोऱ्यानें विणीचेच टाके नक्कल करून दोन्ही बाजू जोडतात. या जोडाला इंग्रजींत किचनरचें नांव आहे. १९०२ ते १९०९ या काळांत हिंदुस्थानचा सरसेनापति असलेला व पहिल्या महायुद्धांत ब्रिटनचा युद्धमंत्री झालेला तोच हा किचनर. त्या युद्धांत खंदकांतल्या शिपायांसाठीं घरोघरीं मोजे विणले जात होते.

चौथें काम गळपट्टा. ज्यानें कधीं सुई धरली नाहीं त्यानें येथूनच आरंभ करावा. ३६ ते ४० टाके घालावे आणि जातां-येतां सर्व ओळी सुलटच विणाव्या. एक ओळ सुलट व एक ओळ उलट विणल्यास वीण गुळगुळीत दिसते खरी, पण तिच्या कडा आंत वळतात आणि गळपट्ट्याची सुरळी होते. कारण तशा विणींत एका अंगाला सारे सुलट व दुसऱ्या अंगाला सारे उलट टाके येऊन दोन्ही अंगांचा ताण सारखा राहत नाहीं. सर्व सुलट ओळींत तो समतोल राहतो. दीड मीटर लांबीला साधारण १५० ते २०० ग्रॅम धागा लागतो.

आतां धाग्याविषयीं. आपल्या बाजारांत लोकर म्हणून जें विकत मिळतें तें बहुधा लोकर नसून ॲक्रिलिक नांवाचा रासायनिक धागा असतो. तो स्वस्त, मऊ आणि धुण्यास सोपा. त्याला कसर लागत नाहीं. पण त्याचा एक मोठा दोष आहे : तो आगीनें वितळतो आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. उलट खरी लोकर सहसा पेट घेत नाहीं. पेटली तरी केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. चिमट्यांत धाग्याचा लहानसा तुकडा धरून, जवळ पाण्याचें भांडें ठेवून, ही परीक्षा कोणीहि घेऊं शकेल. शेकोटीशीं बसणाऱ्या पहारेकऱ्याची टोपी म्हणूनच शक्य तर खऱ्या लोकरीची असावी, आणि भट्टीवरच्या आईला मूल घेऊन जाळाजवळ न बसण्याविषयीं बजावून सांगावें. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर मात्र जाड व राठ असते. तिचें घोंगडें उत्तम होतें, पाऊस व वारा दोन्ही सोसतें, पण तान्ह्याच्या कपाळाला ती टोंचेल. खरी लोकर गरम पाण्यांत चोळून धुऊं नये. तिच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि कपडा आटून नमद्यासारखा होतो.

शेवटीं एक व्यावहारिक शंका. यंत्र कांहीं मिनिटांत टोपी विणतें. मग चार तास कां खर्चावे? याला माझीं दोन उत्तरें आहेत. पहिलें असें कीं, पावणेदोन किलोच्या मुलाच्या मापाची टोपी दुकानांत सहसा मिळत नाहीं, आणि त्यालाच तर तिची अधिक गरज. दुसरें असें कीं, सुयांवरचें विणकाम हा एकच धागा असल्यामुळें तें उसवतां येतें. आपल्यापैकीं पुष्कळांच्या पेट्यांत मुलांचे लहान झालेले, हातानें विणलेले स्वेटर पडून आहेत. ते उसवावे, धाग्याची लडी करून कोंबट पाण्यांत धुवावी, खालीं हलकें वजन बांधून सावलींत वाळवावी, म्हणजे धाग्याच्या वळ्या सरळ होतात. एका मोठ्या स्वेटरांतून सहज दहा-बारा टोपडीं निघतात. आटून नमदा झालेला स्वेटर मात्र उसवत नाहीं. टोपडें तयार झाल्यावर पुन्हां स्वच्छ धुऊन, उन्हांत कडकडीत वाळवून, जवळच्या प्रसूतिगृहांत नेऊन द्यावें. देण्यापूर्वीं तेथील परिचारिकेला कोणत्या मापाचीं हवीं तें विचारावें, कारण बहुतेक लोक मोठीं टोपडीं देतात आणि उणीव लहानांची असते.

पुण्यांत १९०९ मध्यें सेवासदन स्थापन झालें तेव्हांपासून आपल्या समाजांत शिवणकामादि हस्तोद्योग हे स्त्रियांच्या स्वावलंबनाचें साधन म्हणून शिकवले गेले. आज तो हेतु पुष्कळ घरांपुरता तरी उरला नसेल. पण फावल्या वेळांत दुसऱ्याच्या उपयोगाचें कांहीं करावें हा हेतु कोणत्याहि काळीं जुना होत नाहीं. दिवाळी सरली कीं थंडी येते आणि भट्ट्यांचा हंगामहि येतो. दोन सुया, २५ ग्रॅम धागा आणि ६४ टाके, एवढ्यावर आरंभ होऊं शकतो. आपल्यापैकीं कांहीं जणांनीं जरी या हिवाळ्यांत तो केला, तरी माझ्या बोलण्याचें चीज झालें असें मी समजेन.